आपल्याच संस्थेत वांशिक समतेचे काम करायचे, तर नेमके काय शिकावे?

प्रश्न : पैलतीर

नमस्कार. मी अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रशासकीय काम पाहते. रुग्णांच्या भेटीच्या वेळा ठरवणे, स्वागत कक्षातील कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणे आणि तक्रारी ऐकून घेणे हे माझे रोजचे काम आहे. अलीकडेच विभागातील वांशिक समतेच्या कामासाठी नेमलेल्या गटात माझे नाव घालण्यात आले. त्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षणही झाले. मनात नकळत रुजलेले पूर्वग्रह, गुलामगिरीचा आणि वंशविभक्त रुग्णालयांचा इतिहास असे बरेच काही त्यात होते आणि ते ऐकताना मी हलून गेले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीत बसल्यावर आता हाताने काय करायचे, ते मला सुचेना.

गेल्या मंगळवारचा प्रसंग सांगते. आमच्याकडे असा नियम आहे, की पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाला तर भेट रद्द करून पुढची तारीख द्यायची. सकाळी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई अठरा मिनिटे उशिरा आल्या. पहिली बस उशिरा आली आणि त्यामुळे दुसरी चुकली, एवढेच त्यांनी सांगितले. काउंटरवरच्या मुलीने अतिशय सौजन्याने नियम समजावून सांगितला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. बाईंनी चिठ्ठीची नीट घडी केली, ती पर्समध्ये ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्याच दुपारी एक गौरवर्णीय गृहस्थ पंचवीस मिनिटे उशिरा आले. गाडी लावायला जागा मिळाली नाही, डॉक्टरांना एकदा विचारून पाहता का, असे ते म्हणाले. त्याच मुलीने फोन उचलला आणि डॉक्टर हो म्हणाले. दोन्ही वेळा मी मागच्या टेबलाशी बसले होते आणि दोन्ही वेळा गप्प राहिले. पहिल्या वेळी बोलण्यासारखे काही घडते आहे हेच माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या वेळी लक्षात आले, पण कोणत्या शब्दांत बोलावे ते कळेना.

ती मुलगी वाईट नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. म्हणूनच मला प्रश्न पडला आहे, की जिथे कुणाचाही हेतू वाईट नाही तिथे हे काम कसे करायचे? त्यासाठी नेमकी कोणती कौशल्ये शिकता येतात आणि ती कुठून शिकायला सुरुवात करावी? शिवाय मी स्वतः भारतातून आलेली आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे का, असाही संकोच वाटतो.

उत्तर : मोजपट्टी

तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. प्रशिक्षणाने मन हलते, पण काउंटरवरचा नियम हलत नाही. ॲलेक्झांड्रा कॅलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांची १९७१ ते २००२ या काळातील माहिती तपासून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवस्थापकांचे पूर्वग्रह कमी करण्यासाठी दिलेल्या प्रशिक्षणाचा व्यवस्थापनातील कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या प्रमाणावर सर्वांत कमी परिणाम झाला, आणि सर्वांत व्यापक परिणाम तिथे झाला जिथे या कामाची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर सोपवलेली होती. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अशी जबाबदारी निश्चित केलेल्या आस्थापनांत प्रशिक्षणाचाही उपयोग वाढलेला दिसला. म्हणजे तुमचा तो एक दिवस वाया गेलेला नाही. त्याला टेकायला जागा मिळालेली नाही, एवढेच.

म्हणून माझ्या मते पहिले कौशल्य म्हणजे आपल्या संस्थेतला निर्णय नेमका कुठे आणि कुणाच्या हातून होतो ते शोधणे. तुमच्या उदाहरणात निर्णय पंधरा मिनिटांच्या नियमात नव्हता, तो फोन उचलण्यात होता. नियम दोघांनाही सारखाच होता, अपवाद मात्र एकालाच मिळाला. कोणत्याही कार्यालयात नियम लिहिलेले असतात आणि अपवाद कुठेच लिहिलेले नसतात. विषमता बहुधा या न लिहिलेल्या जागेत मुरते.

दुसरे कौशल्य नोंद ठेवण्याचे. तुमच्या संगणकात रद्द झालेल्या भेटींचा आकडा असेल, पण उशिरा येऊनही ज्यांना आत घेतले त्यांची नोंद नसेल, कारण त्यांची भेट ‘झाली’ असेच तिथे दिसते. तेव्हा चार आठवडे साधी वही ठेवा. रुग्ण किती मिनिटे उशिरा आला, कशाने आला, काय म्हणाला, डॉक्टरांना विचारले गेले का, निर्णय काय झाला आणि तो कुणी घेतला, हे रकाने पुरेत. रुग्णाचे नाव वहीत लिहू नका. रुग्णाने वंश म्हणून स्वतः जे नोंदवले असेल तेच नंतर अधिकृत नोंदीवरून परवानगीने जोडून घ्या, चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका.

आकडे कसे वाचायचे तेही सांगतो. समजा, उशिरा आलेल्या १०० गौरवर्णीय रुग्णांपैकी ६० जणांना आत घेतले आणि ५० कृष्णवर्णीय रुग्णांपैकी १८ जणांना घेतले. पहिल्या गटाचे प्रमाण ६० टक्के, दुसऱ्याचे ३६ टक्के. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ०.६ येते. नोकरभरतीच्या संदर्भात अमेरिकेतील संघीय संस्थांनी १९७८ पासून चार पंचमांशाचा, म्हणजे ०.८ चा ठोकताळा वापरला आहे. त्याहून कमी प्रमाण आले तर त्या निवडपद्धतीकडे नीट पाहावे, असा त्याचा अर्थ आहे. तुमचे प्रकरण भरतीचे नसल्यामुळे तो तुम्हाला कायदा म्हणून लागू नाही, पण नजर तयार करायला उपयोगी आहे. आकडे लहान असतील तर दोन-चार रुग्णांनी चित्र पालटते, म्हणून पहिल्याच महिन्यात निष्कर्षावर उडी घेऊ नका.

हेतू वाईट नसताना काय, या तुमच्या प्रश्नावर १९७१ चा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा निकाल आवर्जून समजून घ्यावा. नॉर्थ कॅरोलायनातील त्या वीज कंपनीत कृष्णवर्णीय कामगारांना केवळ सर्वांत कमी पगाराच्या मजुरी विभागातच कामे दिली जात होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू झाल्यावर ती उघड बंदी गेली, पण चांगल्या विभागात जाण्यासाठी शालान्त प्रमाणपत्राची अट राहिली आणि त्यात दोन चाचण्यांची भर पडली. या अटी येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गौरवर्णीय कामगार तीच कामे व्यवस्थित करत होते. म्हणजे अटींचा कामाशी संबंध सिद्ध होत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की हेतू चांगला असला तरी ज्या अटीमुळे एका वंशाचे लोक बाहेर राहतात आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती अट चालणार नाही. तुमच्या पंधरा मिनिटांकडे याच नजरेने पाहा. पंधराच का? ही मर्यादा कुणी, कधी आणि कशाच्या आधारे ठरवली? बहुधा कुणालाच आठवणार नाही.

उत्तर : सांजदिवा

मोजपट्टी यांनी नोंदीचे सांगितले, मी बोलण्याचे सांगते. माझा अनुभव असा, की या कामात घोडे अडते ते माहितीवाचून कमी आणि पहिले वाक्य तोंडातून न फुटल्यामुळे जास्त.

त्या मुलीशी बोलताना पूर्वग्रह हा शब्द काढू नका. तो काढलात, की ती स्वतःचा बचाव करू लागेल आणि बोलणे तिच्या स्वभावावर जाईल. तुम्हाला तर बोलायचे आहे त्या दोन प्रसंगांवर. एवढेच म्हणून पाहा : “सकाळी त्या बाई अठरा मिनिटे उशिरा आल्या तेव्हा आपण तारीख दिली आणि दुपारी ते गृहस्थ पंचवीस मिनिटे उशिरा आले तेव्हा आपण फोन केला. मीही तिथेच होते आणि मीही काही बोलले नाही. पुढच्या वेळी आपण दोघींनी काय करावे असे तुला वाटते?” हे वाक्य घरी मोठ्याने चार वेळा म्हणा. वाचून पाठ झालेले वाक्य प्रसंगी आठवत नाही, जिभेवर बसलेले मात्र आपोआप येते.

याच्या उलट बाजूचे कौशल्य, म्हणजे आपली चूक दुसऱ्याने दाखवल्यावर ती ऐकून घेणे, हे मला अधिक अवघड गेले. आमच्या कार्यालयात दोन कृष्णवर्णीय सहकारी होत्या आणि एका बैठकीत मी एकीला दुसरीच्या नावाने हाक मारली. बैठक संपल्यावर ती दाराशी थांबली आणि शांतपणे म्हणाली, की या महिन्यातली ही तिसरी वेळ आहे. मी तिथल्या तिथे सबबींचा पाढा वाचला. किती काम होते, झोप कशी झाली नव्हती, मला सगळ्यांचीच नावे कशी चुकतात, असे मी बोलतच राहिले. ती माझे समाधान करू लागली, “जाऊ दे, एवढे मनाला लावून घेऊ नकोस,” असे म्हणाली, आणि परत जाताना मला उमगले, की तक्रार तिची होती आणि सांत्वन मात्र मी वसूल केले. आता मी चार गोष्टी करते. ऐकते, “हे माझ्याकडून झाले” म्हणते, आभार मानते आणि थांबते. थांबणे सर्वांत कठीण आहे. त्यासाठी मी अक्षरशः दोन्ही हात टेबलावर ठेवून बसते.

वरिष्ठांशी बोलताना प्रसंगासोबत एक लहानसा प्रस्ताव हातात असू द्या. तक्रार घेऊन गेलात तर तुम्हाला धीर दिला जाईल आणि प्रकरण तिथेच संपेल.

उत्तर : नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. आमच्या क्षेत्रात पूर्वग्रह माणसांच्या मनातच असतो असे नाही, तो उपकरणांत आणि सूत्रांतही बसलेला असतो, म्हणून तपासण्याचे कौशल्य तिथेही लागते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे ऑक्सिमीटर घ्या. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के असा दिलासा देणारा आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात रोहिणीतील रक्तात प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते आणि गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के. आकडा ज्याच्या जोरावर आपण रुग्णाला घरी पाठवतो, तोच त्वचेच्या रंगानुसार चुकत होता.

दुसरे उदाहरण तुमच्या प्रशासकीय कामाच्या अधिक जवळचे आहे. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी एका संगणकीय पद्धतीचा अभ्यास मांडला. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, हे ती पद्धत ठरवत असे. तिने रुग्णाच्या वंशाकडे पाहिलेच नव्हते. तिने पुढे होणारा खर्च पाहिला आणि त्यालाच आजाराचे माप मानले. कृष्णवर्णीय रुग्ण तेवढेच आजारी असले तरी त्यांच्यावर कमी खर्च होत आलेला होता, म्हणून ते तिला कमी आजारी दिसले. ही चूक सुधारली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा कुठलाही आकडा समोर आला, की तो कशाच्या जागी उभा आहे हे विचारण्याची सवय लावून घ्या. तुमच्याकडे ‘उशीर’ हा आकडा बहुधा बेफिकिरीच्या जागी उभा आहे आणि त्या बाईंच्या बाबतीत त्याने मोजली ती बस.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती भरपाईची. मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या जुन्या सूत्रांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडे असतात त्याहून चांगली भासत आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचा काळ उशिरा मोजला जाऊ लागे. २०२१ मध्ये वंश वगळलेले सूत्र सुचवले गेले. पण सूत्र बदलल्याने वाया गेलेली वर्षे परत येत नव्हती. म्हणून २०२३ पासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना आपल्या याद्या तपासून, ज्यांचा काळ या सूत्रामुळे बुडाला त्यांना तो परत देणे बंधनकारक झाले, आणि हजारो रुग्णांच्या प्रतीक्षेचा काळ मागे नेऊन दुरुस्त करण्यात आला. नियम सुधारताना आधी ज्याचे नुकसान झाले त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारायला शिकावे.

उत्तर : उंबरठा

मला एक शंका प्रामाणिकपणे मांडायची आहे. एका वंशाच्या रुग्णांना सवलत आणि दुसऱ्यांना नाही, असे झाले तर तोही अन्यायच नव्हे का? शिवाय सध्याच्या वातावरणात असे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी धोक्यात येणार नाही का?

उत्तर : मोजपट्टी

शंका रास्त आहे. वंश पाहून एकाला देणे आणि दुसऱ्याला नाकारणे हे नागरी हक्क कायद्यात बसत नाही, आणि तो कायदा सर्व वंशांच्या लोकांना संरक्षण देतो. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्यावर घातलेली मर्यादा आणि २०२५ च्या जानेवारीत अशा समता-उपक्रमांविरुद्ध निघालेले अध्यक्षीय आदेश यांमुळे अनेक संस्था सावध झाल्या आहेत. २०२५ च्या एप्रिलमधील आदेशाने तर ग्रिग्ज निकालातील विषम परिणामाच्या, म्हणजे हेतूऐवजी परिणाम पाहण्याच्या, तत्त्वावर आधारलेली कारवाई मागे ठेवण्यास संघीय यंत्रणांना सांगितले. तरी नोकरीच्या बाबतीत ते तत्त्व १९९१ च्या कायद्यात लिहिलेले आहे आणि आदेशाने कायदा पुसला जात नाही.

पण मुळात इथे कुणी सवलत मागतच नाही. इथे मागणी एवढीच आहे, की जो फोन एकासाठी केला जातो तो सर्वांसाठी केला जावा. नियम वंशाच्या नावाने बदलायचा नाही. तो कुणाला बाहेर ठेवतो हे वंशानुसार तपासायचे आणि मग सर्वांसाठी बदलायचा. तरीही, पैलतीर, वंशाची माहिती जोडण्यापूर्वी संस्थेच्या विधी विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. हेही या कामातले एक कौशल्यच आहे.

उत्तर : ओसरी

तुमच्या संकोचाबद्दल थोडेसे. अधिकार आहे की नाही, यापेक्षा आपण या व्यवस्थेत कुठे उभे आहोत हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. आपल्यापैकी अनेकजण इथे वर्णभेद सोसतात आणि त्याच वेळी घरी जेवताना कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल, मुलांनी कुणाशी मैत्री करावी याबद्दल जे बोलतात, ते काउंटरवरच्या मुलीने कधीच बोलले नसेल. त्यातच आपल्यापैकी पुष्कळांनी पिढ्यान्‌पिढ्या जातीचा फायदा घेतलेला आहे, आणि तोही कुणाच्या वाईट हेतूशिवाय, निव्वळ रीत म्हणून.

संस्थेला प्रश्न विचारण्याची रीत मात्र मराठीला नवी नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणखात्याचा असाच हिशेब मांडला होता. महसूल येतो तो प्रामुख्याने राबणाऱ्या रयतेच्या श्रमातून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सिएटल महापालिकेने २००४ मध्ये वांशिक समतेचा उपक्रम सुरू केला. तिथे प्रत्येक धोरणापूर्वी विचारण्यासाठी तयार झालेल्या प्रश्नांच्या मुळाशी हेच आहे, की लाभ कुणाला आणि भार कुणावर. मात्र तिथे त्यात आणखी एक पायरी आहे. ज्यांच्यावर भार पडतो त्यांनाच आधी विचारायचे. तुमच्या वहीत सगळे रकाने आहेत, पण त्या बाईंना काय वाटले, याचा रकाना नाही.

पैलतीर (चार आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. विधी विभागाने वही ठेवायला होकार दिला आणि वंशाची जोडणी त्यांच्या देखरेखीखाली पुढच्या तिमाहीत करण्याचे लेखी कळवले आहे. त्यामुळे त्या बाजूने अजून काही सांगता येत नाही. पण वहीतला एक रकाना पाहून मला धक्का बसला. ज्यांनी “डॉक्टरांना विचारता का” असे म्हटले, त्यांच्यासाठी जवळजवळ प्रत्येक वेळी फोन झाला, आणि जे गप्प राहिले त्यांच्यासाठी एकदाही झाला नाही. हे त्या मुलीला दाखवले तेव्हा ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मला वाटायचे, मी सगळ्यांना सारखेच वागवते.” सांजदिवा यांनी सुचवलेले वाक्य मी म्हणाले होते, थोडे अडखळत.

आता प्रस्ताव असा आहे, की उशिरा आलेल्या प्रत्येक रुग्णासाठी, त्याने विचारले तरी आणि न विचारले तरी, फोन करायचाच. दोन डॉक्टरांचा याला विरोध आहे. वेळेवर आलेल्यांना ताटकळावे लागेल, असे ते म्हणतात आणि ती अडचण खरी आहे. एका डॉक्टरांनी सकाळच्या सत्रातली शेवटची वेळ उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवून पाहायचे कबूल केले आहे. महिनाभर त्यांच्याकडेच हा प्रयोग चालेल.

भरपाईचा प्रश्न वाचल्यावर मी त्या बाईंना फोन केला. दिलगिरी व्यक्त केली, त्यांची तारीख अलीकडे घेतली आणि बसच्या वेळा विचारून त्याप्रमाणे अकरानंतरची वेळ दिली. त्या दिवशी त्यांना काय वाटले होते, असेही विचारले. त्या म्हणाल्या, “तिथे विचारता येते, हेच मला माहीत नव्हते.” बैठकीच्या टिपणात मी हे वाक्य त्यांच्या परवानगीने पहिल्या ओळीत घातले आहे.